डी७५० विकून मिररलेस घेऊ का? आधी लेन्सच्या पिशवीत बघ

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला, बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तू कागलचा, तीन सीझन झाले लग्नाची कामं घेतोयस, जवळ निकॉनचा डी७५० आहे सेकंड हँड घेतलेला, शटर काउंट, म्हणजे आजवर मारलेले क्लिक, एक लाख दहा हजाराच्या आसपास. लेन्स तीन, २४-१२० एफ४, ५० एमएम १.८ डी आणि ८५ एमएम १.८ डी. कोल्हापुरात एका दुकानदारानं तुला सांगितलंय की डीएसएलआर, म्हणजे तुझ्यासारखा आत आरसा असलेला कॅमेरा, संपला, आत्ताच बिनआरशाच्या मिररलेसवर एक्स्चेंज कर नाहीतर पुढच्या वर्षी किलोवर घालावा लागेल. सगळ्या किटचे तो पंचावन्न हजार धरतोय आणि वरचे पावणेदोन लाख ईएमआयवर. आणि तू विचारतोयस, घेऊ का नको.

मी शाहूपुरीत स्टुडिओ चालवतो, सुरुवात रोलवर केली, मग डीएसएलआर, आणि आज माझ्या बॅगेत डी८५० पण आहे आणि झेड६ टू पण आहे, म्हणजे दोन्ही डगरींवर हात. त्यामुळं मला कुणाची बाजू घ्यायची गरज नाही. माझं म्हणणं आधीच सांगतो आणि मग कारणं सांगतो: दुकानदार बाजाराबद्दल जे बोलला ते बऱ्यापैकी खरं आहे, पण त्यावरून त्यानं तुला जे करायला सांगितलं ते चुकीचं आहे. तू दोन वेगळे प्रश्न एकात कालवलेस. डीएसएलआरचा बाजार संपला का हा एक, आणि तुझ्या डी७५० नं पैसे मिळवायचं थांबवलंय का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जपानमध्ये ठरतं, दुसऱ्याचं कागल-निपाणी-गडहिंग्लजच्या कार्यालयांत.

पहिला प्रश्न उरकून घेऊ. निकॉनचे शेवटचे डीएसएलआर म्हणजे डी७८० आणि डी६, दोन्ही २०२० च्या सुरुवातीचे. कॅननचे वन-डीएक्स मार्क थ्री आणि ८५०डी, ते पण २०२० चेच. त्यानंतर या दोघांनी एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही, आणि वन-डीएक्स मार्क थ्री हा आपला शेवटचा फ्लॅगशिप, म्हणजे सगळ्यात वरचा, डीएसएलआर असेल हे कॅननच्या सीईओनीच २०२१ च्या शेवटी सांगून टाकलं. २०२२ च्या जुलैत निकॉन एसएलआर बनवणं सोडतंय अशी बातमी जपानच्या निक्केई पेपरात आली तेव्हा निकॉननं सांगितलं की हा अंदाज आहे, उत्पादन आणि सर्व्हिस चालू आहे, पण नवं मॉडेल काय आलं नाही ते नाहीच. सोनीनं तर २०२१ मध्ये डीएसएलआरची दुकानदारी गुंडाळलीच. राहिला पेंटॅक्स, तो अजून आरशाला धरून आहे, पण आपल्याकडं लग्नात पेंटॅक्सवाला तू कधी बघितलायस का? मी तर नाही बघितला.

आकडे बघायचे तर जपानच्या कॅमेरा कंपन्यांची सीपा म्हणून संघटना आहे, ती दरवर्षी किती माल बाहेर पडला ते सांगते. २०१२ साली डीएसएलआर एक कोटी साठ लाखांच्या वर गेले होते, तो त्यांचा सगळ्यात चांगला काळ. २०२० मध्ये पहिल्यांदा मिररलेस पुढं गेला. २०२३ ला डीएसएलआर बारा लाखांच्या आत आणि मिररलेस अठ्ठेचाळीस लाख. म्हणजे एकास चार.

पण यात एक गोष्ट लोक विसरतात, आणि दुकानदार तर मुद्दामच विसरतात. २०१२ चे एक कोटी साठ लाख गेले कुठं? मिररलेसकडं सगळे नाही गेले. बरेचसे मोबाईलकडं गेले. ज्या मामानं भाच्याच्या बारशाला किट लेन्सवाला कॅमेरा घेतला असता त्यानं फोन घेतला आणि विषय संपला. खालचं गिऱ्हाईक गेल्यावर कंपन्यांकडं उरले तुझ्यामाझ्यासारखे, ज्यांना कॅमेऱ्यावर पोट भरायचंय, किंवा ज्यांच्याकडं हौसेला पैसा आहे. इतक्या लहान गिऱ्हाइकीत दोन-दोन माउंट (लेन्स अडकते ती जागा), दोन-दोन लेन्सच्या रांगा चालवणं कुणालाच परवडणारं नव्हतं, एक बंद करावीच लागणार होती. आणि आरसा, पेंटाप्रिझम (आरशातलं चित्र व्ह्यूफाइंडरकडं वळवणारी काच), खालचं वेगळं फोकस मोड्यूल, हे सगळं मायक्रॉनमध्ये जुळवून बसवायचं म्हणजे कारखान्यात खर्च, मिररलेसमध्ये ते कामच नाही. सोनीला हे लवकर परवडलं कारण त्यांचं डीएसएलआरमध्ये फार काही अडकलेलं नव्हतं, २००६ ला कोनिका मिनोल्टाचा धंदा घेऊन ते या लाइनीत आले आणि २०१३ ला ए७ हा मिररलेस काढून मोकळे झाले. निकॉन-कॅनन पूर्ण ताकदीनं उतरले २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, पाच वर्षं उशिरा, कारण त्यांना आपलीच चालती दुकानं मोडायची होती.

म्हणजे डीएसएलआर वाईट झाला म्हणून संपला असं नाहीये. तुझा डी७५० २०१४ ला जसा फोटो काढायचा तसाच आज काढतोय, चोवीस मेगापिक्सेल, अंधारात उणे तीन ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, आकडा जितका खाली तितका अंधार) फोकस धरतो, कार्डाचे दोन स्लॉट. अल्बमच्या बारा बाय छत्तीसच्या पानावर कुठला फोटो कशावर काढला हे मला स्वतःला ओळखता येत नाही, नवरीच्या आत्याला काय येणार.

आता दुसरा प्रश्न, आणि खरी अडचण तू प्रश्नात लिहिलीच नाहीस. तुझ्याकडं बॉडी एकच आहे. तीन सीझन तू एका बॉडीवर लग्नं केलीस हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. मी पण केलीत तशी, म्हणून सांगतो. २०११ ला गडहिंग्लजकडं एका लग्नात मंगलाष्टका चालू, पाचवी का सहावी, आणि माझ्या कॅमेऱ्याचा आरसा वर गेला तो खाली आलाच नाही. स्क्रीनवर नुसतं एरर. बॅटरी काढली, घातली, लेन्स काढली, काय नाही. शेवटी व्हिडिओवाल्याच्या पोराकडं एक छोटा कॅमेरा होता तो हिसकावून घेतला आणि अक्षता त्याच्यावर काढल्या. पार्टीला कळलं नाही, पण मला त्या रात्री झोप नव्हती. दुसऱ्या आठवड्यात उसनवारी करून दुसरी बॉडी घेतली, जुनीच, पण घेतली.

डी७५० चं शटर दीड लाखाला टेस्ट केलेलं आहे. त्याचा अर्थ दीड लाखाला बंद पडतं असा नाही, माझ्या ओळखीत अडीच लाखावर गेलेले पण आहेत आणि नव्वद हजाराला बसलेले पण आहेत. पण हिशोब कर, लग्नाला तीन हजार क्लिक, येत्या सीझनला पस्तीस लग्नं धरली, म्हणजे लाखभर. पुढच्या सीझनमध्ये तू दीड लाख ओलांडणार, ते पण एकाच बॉडीवर. त्यामुळं तुला आणखी एक कॅमेरा पाहिजे हे नक्की. आणि दुकानदार काय सांगतोय? आहे तो दे आणि एक घे. म्हणजे पावणेदोन लाखाचं कर्ज होऊन परत तुझ्याकडं एकच बॉडी! हे मला पटत नाही ते यासाठी.

आता लेन्सच्या पिशवीकडं ये, शीर्षकात म्हटलं ते हे. निकॉनचा जुना एफ माउंट १९५९ पासूनचा, त्यात माउंटपासून सेन्सरपर्यंत अंतर साडेशेहेचाळीस मिलिमीटर, कारण मधे आरशाला हलायला जागा लागते. झेड माउंटमध्ये तेच सोळा मिलिमीटर. मधली साडेतीस मिलिमीटर जागा भरायला एफटीझेड नावाचा अडॅप्टर येतो, तो लावला की जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसते. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं बऱ्याच जणांना घेतल्यावर कळतं: त्या अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. तुझी २४-१२० एएफ-एस आहे, तिची मोटर तिच्या पोटात आहे, ती मस्त चालेल, काही वेळा तर डी७५० पेक्षा नेमकी चालेल कारण फ्रंट फोकस-बॅक फोकसची, म्हणजे फोकस जरा पुढं-मागं पडायची, भानगड राहत नाही. पण ५० डी आणि ८५ डी या स्क्रूवाल्या, त्यांना बॉडीतली मोटर फिरवते. एफटीझेडवर त्या फक्त मॅन्युअल फोकस. लग्नात १.८ ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी आणि फोकसची पट्टी अगदी बारीक असताना, मॅन्युअल फोकस करणार असशील तर माझा तुला नमस्कार.

म्हणजे डी७५० देऊन झेड घेतलास तर तुझ्या तीनातल्या दोन लेन्स त्याच दिवशी अर्ध्या झाल्या. मग झेडची ५० नाहीतर ८५ घ्यायची, तो खर्च दुकानदारानं तुला सांगितलाय का? सोनीकडं गेलास तर सगळंच नवीन, फ्लॅशचा ट्रिगरसुद्धा. कॅननवाल्यांचं यात बरं आहे, त्यांच्या ईएफ लेन्सना १९८७ पासून मोटर लेन्समध्येच, अडॅप्टर लावला की सगळ्या चालतात, त्यामुळं कॅननवाला मित्र तुला म्हणेल मी तर आरामात गेलो, त्याचं ऐकून तू जाऊ नकोस. एकच गोष्ट तुझ्या बाजूची आहे, तुझ्या डी७५० ची ईएन-ईएल१५ बॅटरी त्याच घराण्यातली आहे जी झेड५, झेड६ टू मध्ये बसते, त्यामुळं बॅटऱ्या-चार्जर वाया जाणार नाहीत.

मिररलेसनं माझ्या कामात काय बदललं तेही सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणशील म्हातारं जुन्याला धरून बसलंय.

पहिलं म्हणजे व्हिडिओ. डी७५० च्या लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस आत-बाहेर शोधत बसतो, तुला माहीतच आहे, नवरी चालत येतेय आणि कॅमेरा मागचा मांडव फोकस करतोय. मिररलेसमध्ये सेन्सरवरच फेज डिटेक्शन (फोकस कुठं आणि किती न्यायचा ते एका झटक्यात कळणारी पद्धत) असल्यानं तो चेहरा धरून ठेवतो, गिंबलवर, म्हणजे हादरे न बसू देणाऱ्या दांड्यावर, टाकला की एक माणूस आरामात हळदी काढतो. आणि आता पार्टी काय मागते? आधी अल्बम किती पानांचा विचारायची, आता विचारते रील कधी देणार. माझ्या ऑर्डरीत गेल्या चार-पाच वर्षांत हा सगळ्यात मोठा फरक, आणि कॅमेरा बदलायचं माझ्यापुरतं खरं कारण हेच एक होतं.

दुसरं, डोळ्यावरचा फोकस. डी७५० चे एक्कावन्न पॉइंट सगळे मधे गोळा झालेत, कडेला माणूस असला की फोकस लॉक करून फ्रेम सरकवायला लागते. मिररलेसमध्ये जवळजवळ पूर्ण फ्रेमभर पॉइंट, सोनीच्या ए७ थ्रीमध्ये ६९३ आणि फ्रेमचा ९३ टक्के भाग. जोडीचं शूट पन्हाळ्यावर करताना हे लय सुखाचं आहे. पण भावा, आपल्या लग्नात नवरा-नवरीच्या तोंडावर मुंडावळ्या असतात! त्या डोळ्यासमोरच लोंबतात आणि हलतात, आणि पहिल्या दोन-तीन लग्नांत माझ्या कॅमेऱ्यानं १.८ ला डोळ्याऐवजी मुंडावळीचे मोती इतके कडक फोकस केले की सोनाराच्या जाहिरातीला चालले असते. आता मी विधीच्या वेळी २.८ च्या खाली जातच नाही आणि गरज पडली की सिंगल पॉइंट घेतो, म्हणजे परत डीएसएलआरसारखंच काम. अक्षतांच्या वेळी मात्र उलट अनुभव, तांदूळ हवेत असताना पण चेहरा सुटत नाही, तिथं जुन्या कॅमेऱ्यावर माझे दहातले तीन-चार जायचे.

तिसरं, व्ह्यूफाइंडरमध्ये एक्स्पोजर आधीच दिसतं. नवीन पोरं यावर लवकर तयार होतात हे खरं आहे, माझा असिस्टंट सहा महिन्यांत जे शिकला ते मला रोलवर चार वर्षं लागलेली. फक्त स्टुडिओत फ्लॅशवर काम करताना ते प्रीव्ह्यू बंद करायचं, नाहीतर एफ८ आणि १/१६० ला व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख दिसतो आणि माणूस म्हणतो कॅमेरा बिघडला. असा एकजण माझ्याकडं कॅमेरा दुरुस्तीला घेऊन आला होता, मेनूमधलं एक बटण बदलून दिलं आणि चहा त्याच्याकडून घेतला.

आता काय खटकतं. बॅटरी आधी. सीपाच्या चाचणीत तुझा डी७५० एका चार्जवर १२३० फोटो, झेड६ टू साडेतीनशे-चारशे. चाचणीपेक्षा प्रत्यक्षात दोन्ही जास्तच देतात, सलग क्लिक मारले तर मला झेडवर हजाराच्या पुढं पण मिळालेत, पण कॅमेरा गळ्यात चालू राहतो, व्ह्यूफाइंडर दिवसभर जळत राहतो, त्यामुळं डीएसएलआरला एक बॅटरी आणि एक खिशात चालायचं तिथं आता चार लागतात. ओरिजिनलच घे, स्वस्तातल्या फुगतात आणि ग्रिपमध्ये अडकून बसतात.

मग सायलेंट शटर. हे नवीन माणसाला सगळ्यात जास्त फसवतं. कॅमेरा घेतला की पहिलं कौतुक हेच, आवाजच येत नाही! मी एका बारशाला अख्खा पाऊण तास सायलेंटवर काढला आणि फ्लॅश एकदाही पेटला नाही, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरला फ्लॅश चालतच नाही, आणि मी ट्रिगरच्या बॅटऱ्या बदलत बसलो होतो. त्यात परत आता प्रत्येक कार्यालयात स्टेजमागं एलईडी वॉल असते. सायलेंटमध्ये सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत येतो, तेवढ्या वेळात एलईडी कितीतरी वेळा लुकलुकते आणि फोटोभर आडवे पट्टे. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, साधे लाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, म्हणून मेकॅनिकल शटर आणि १/५० किंवा १/१०० ठेवलं की बरंच सुधारतं, पण एलईडी वॉलचा ताल वेगळाच, तिथं आधी दोन टेस्ट मारून बघायलाच लागतं. सोनीनं २०२३ च्या शेवटी ए९ थ्री जाहीर केला, त्यात अख्खा सेन्सर एकदम वाचतात, पट्ट्यांचा प्रश्न मिटला, पण ती किंमत लग्नाच्या धंद्यातून काढायची म्हणजे वरातीत हेलिकॉप्टर आणणारी पार्टी पाहिजे.

आणि गुलाल. चैत्रात जोतिबाला सासनकाठ्या नाचताना तू गेला असशीलच, तिथं हवा दिसत नाही, गुलालच दिसतो. डीएसएलआरमध्ये लेन्स काढली तर समोर आरसा असतो, त्याच्यामागं बंद शटर, सेन्सर लांब आत. मिररलेसमध्ये बऱ्याच बॉड्यांत लेन्स काढली की सेन्सर थेट समोर उघडा. मी पहिल्या वर्षी घाईत मंदिराच्या आवारात लेन्स बदलली, घरी येऊन बघतो तर प्रत्येक आकाशात गुलाबी ठिपके. साफ करून घेईपर्यंत आठवडा गेला. आता यात्रेला मी डी८५० च नेतो आणि झेड नेला तर एकच लेन्स लावून टेप मारतो, दिवसभर काढत नाही. मिरवणुकीची कामं तुझ्याकडं जास्त असतील तर हा मुद्दा तुझ्यासाठी व्हिडिओइतकाच मोठा आहे. कुणी म्हणेल वेदर सीलिंग असतं की! असतं, पण लेन्स काढल्यावर कसलं सीलिंग.

पावसाळ्यात बुरशीचं दोघांना सारखंच, त्यात आरशाचा काही संबंध नाही. एअरटाइट डबा आणि सिलिका जेल, नाहीतर ड्राय कॅबिनेट. आणि तळमजल्यावर ठेवू नको, २०१९ च्या पुरात शाहूपुरीत काय झालं ते मी बघितलंय, माझ्या दोन लेन्स गेल्या त्यात.

पैशाचं बोलू. पावणेदोन लाख, अठरा महिने, व्याज धरून महिन्याला अकरा हजारांच्या आसपास हप्ता येईल. लग्नसराई तुळशीच्या लग्नापासून आषाढीपर्यंत. मग चार महिने तुझ्याकडं काय असतं? वाढदिवस, डोहाळजेवण, गणपतीत एखाद-दुसऱ्या मंडळाचं काम. त्या चार महिन्यांचे चव्वेचाळीस हजार कुठून देणार हे आधी कागदावर मांड. मधे अधिक मास आला तर अख्खा महिना मुहूर्त नाही, ते वेगळंच. दुकानदाराचं सोपं आहे, त्याला डी७५० पंचावन्न हजाराच्या किटमध्ये मिळतोय, तो तोच कॅमेरा उद्या शिकाऊ पोराला विकणार. भंगार असता तर त्यानं घेतला असता का?

हां, एक गोष्ट त्याची मान्य करायला पाहिजे. डीएसएलआरचा भाव उतरतोय आणि उतरत राहणार, त्यामुळं विकायचाच असेल तर लवकर विकलेला बरा हे तर्कानं बरोबर आहे. पण तुला विकून किती येतात त्यापेक्षा तो दुसरी बॉडी म्हणून तुझ्याजवळ राहिला तर किती वाचवतो ते जास्त. आणि भाव उतरण्याचा फायदा पण तुलाच आहे, चांगल्या एएफ-एस लेन्स आता लोक निम्म्यानं काढतायत.

तर मग काय करायचं, हे तुझी कामं कसली आहेत त्यावर. तुझ्या पस्तीस लग्नांतली तीस नुसत्या फोटोची असतील आणि व्हिडिओवाला पार्टी वेगळा आणत असेल, तर मिररलेसची काय घाई नाही. आणखी एक जुना डी७५० किंवा तसलाच काहीतरी कमी शटरचा बघ, रोख घे, आणि दोन सीझन शांतपणे काढ. कार्डं तीच, बटणं तीच, अंधारात हात बरोबर जातो, हे लग्नात फार मोठं आहे, कारण दोन वेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे गळ्यात घालून झूम कुठल्या दिशेला फिरवायचा हेच मला एकदा आठवेना झालं होतं.

व्हिडिओ आणि रील तुझ्याच गळ्यात असेल, जे मला तुझ्या प्रश्नावरून वाटतंय, तर दुसरी बॉडी मिररलेस घे, पण डी७५० ठेवून. जुना झेड६ टू मिळाला तर बघ, पहिला झेड६ नको कारण त्याला कार्डाचा एकच स्लॉट, आणि लग्नाच्या कामात एकाच कार्डावर भरवसा मी ठेवत नाही. झेड५ ला दोन स्लॉट आहेत आणि स्वस्त मिळतो, पण फोर-के ला फ्रेम बरीच कापतो, म्हणून फोटोला चांगला, व्हिडिओला मन मारायला लागतं. नवाच घ्यायचा तर २०२५ ला आलेला झेड५ टू यात सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. यातला जो घेशील त्याच्यावर एफटीझेड आणि तुझी २४-१२०, व्हिडिओ आणि मोठी फ्रेम तिकडं. डी७५० वर ८५ डी, पोर्ट्रेट आणि विधी इकडं. दोन्ही डी लेन्स जिथं चालतात तिथंच राहिल्या, जुना घेतलास तर कर्जही कमी झालं, आणि एक बसला तर दुसरा आहे.

तिसरा एक रस्ता आहे जो दुकानदार सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडं तो माल नसतो. डी७८०. आहे डीएसएलआरच, बॉडीत मोटर आहे म्हणून तुझ्या ५० आणि ८५ वर ऑटोफोकस चालतो, पण लाइव्ह व्ह्यू लावला की सेन्सरवरचा फेज डिटेक्शन मिळतो, म्हणजे व्हिडिओत तो मिररलेससारखा वागतो, फोर-के पूर्ण रुंदीत, आणि बॅटरी चाचणीत २२६० फोटो. तुझ्या पिशवीला इतका चपखल दुसरा कॅमेरा नाही. अडचण इतकीच की आपल्या भागात तो सेकंड हँड क्वचित दिसतो, आणि पुढं विकताना गिऱ्हाईक मिळणार नाही, म्हणजे झिजेपर्यंत वापरायचा या बोलीवर घ्यायचा. मला कुणी चांगला आणून दिला तर मी आज घेईन.

जुना घेताना काय बघायचं ते पटकन सांगतो. मिररलेसमध्ये शटर काउंटवर सगळं ठरवू नको, सायलेंटवर काढलेले आणि तासन्‌तास चाललेला व्हिडिओ त्यात नीट दिसेलच असं नाही. एफ१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवर डाग बघ. व्ह्यूफाइंडरमध्ये जळका डाग आहे का बघ, कॅमेरा उन्हात उघडा ठेवलेला असला तर होतो. अर्धा तास फोर-के चालू ठेव आणि चहा पिऊन ये. बिल माग, बिल नसलेला बाहेरून आलेला माल असतो, तो दहा-पंधरा हजारानं स्वस्त दिसतो आणि बिघडला की कंपनी दारात उभं करत नाही. जीएसटी नंबर असेल तर नव्यावरचा अठरा टक्के टॅक्स इनपुटला मिळतो का तेवढं सीएला विचार, कितीतरी पोरं हे विसरतात.

आणि सगळ्यात आधी, घ्यायच्या अगोदर, एक लग्न भाड्यानं कर. कोल्हापुरात झेड पण भाड्यानं मिळतो आणि सोनी तर पाहिजे तितके. फोटो डी७५० वरच काढ, भाड्याच्यावर फक्त हळदी आणि वरात. दुसऱ्या दिवशी कार्ड उघडून बघ की त्या व्हिडिओचे तुला वेगळे पैसे मागता येतील का. पार्टी वरचे सात-आठ हजार आनंदानं देत असेल तर हप्ता निघतो, हिशोब जुळला. पार्टी म्हणाली की रील तर माझा मेहुणा मोबाईलवर काढतो, तर तुला उत्तर मिळालं आणि भाड्याच्या पैशात मिळालं.

शेवटी तू विचारलं होतंस ते राहिलंच, की डी लेन्स आत्ता विकून टाकू का. ५० विक, तिचे फार येणार नाहीत पण २४-१२० वर ५० असतेच आणि तू ती वापरत नसशील असा माझा अंदाज आहे. ८५ ठेव. डी७५० चालतोय तोवर ८५ कुणाला देऊ नको, भाड्यानं पण नको.